बीबीसी मायक्रो घडवणारी एकॉर्न कंपनी : वाढ आणि अस्त

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : शाळेच्या अडगळीच्या खोलीत फिकट पिवळसर पेटीचा, काळ्या कळांचा आणि वरच्या ओळीत दहा लाल कळा असलेला एक जुना संगणक सापडला असून त्याच्यावर ठिपक्यांनी काढलेल्या घुबडाचे चिन्ह आहे. तो म्हणजे बीबीसी मायक्रो. तो बनवणारी एकॉर्न ही ब्रिटिश कंपनी इतके भक्कम यंत्र बनवूनही का बुडाली, मोबाइलमधल्या एआरएम चिपशी तिचे नाते सांगतात ते खरे का, आणि हे यंत्र आता चालू करून पाहावे का, असे आपण विचारले आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे उपकरणाच्या पोटातल्या छोट्या संगणक-चिपवर, चालणाऱ्या यंत्रणांचे काम करतो आहे आणि या कामाची बाराखडी मी याच यंत्रावर गिरवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मेमरीतून माहिती किती वेगाने बाहेर काढता येते, हा हिशोब एकॉर्नच्या अभियंत्यांना त्या काळातल्या बहुतेकांच्या आधी उमगला होता. पण कारखान्यातून माल किती वेगाने बाहेर पडतो आणि दुकानातून किती वेगाने उचलला जातो, हा दुसरा हिशोब कंपनीला लागोपाठच्या दोन नाताळांत चुकला. पहिल्या हिशोबातून एआरएम जन्माला आली आणि दुसऱ्यातून एकॉर्नची मालकी परक्या हाती गेली. या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी, एकाच कंपनीत घडल्या.

एकॉर्नची सुरुवात डिसेंबर १९७८ मध्ये केंब्रिजला झाली. हर्मन हाउझर हे ऑस्ट्रियातून केंब्रिजला भौतिकशास्त्रासाठी आलेले संशोधक होते आणि ख्रिस करी यांनी त्याआधी अनेक वर्षे क्लाइव्ह सिंक्लेअर या ब्रिटिश उद्योजकाबरोबर काम केले होते. कंपनीचे पहिले काम होते नाणे टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्रांसाठी नियंत्रक बनवण्याचे. सोफी विल्सन तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होत्या. त्यांनी सुट्टीत गाईंना खाद्य घालणाऱ्या यंत्राचा नियंत्रक तयार केला होता, आणि ६५०२ या प्रोसेसरवर आधारलेला कंपनीचा पहिला छोटा संगणक, १९७९ चा ‘सिस्टिम १’, त्यांच्याच आराखड्यावरून निघाला. पुढच्या वर्षी ‘ॲटम’ आला. तो सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा असेल तर १२० पौंडांना आणि तयार हवा असेल तर १७० पौंडांना मिळत असे. स्टीव्ह फर्बर विद्यापीठात वायुगतिकीवर संशोधन करत होते आणि मोकळ्या वेळात कंपनीचे काम पाहत. हाताशी असलेल्या थोड्या सामानातून जास्तीत जास्त काम काढून घेण्याची या मंडळींची सवय या पहिल्या दिवसांतली आहे. ती पुढे शेवटपर्यंत टिकली.

१९८१ मध्ये बीबीसीने सर्वसामान्य लोकांना संगणकाची ओळख करून देणारी दूरदर्शन मालिका आखली आणि तिच्या जोडीला एक संगणक हवा म्हणून शोध सुरू केला. आधी ज्या यंत्राचा विचार झाला होता ते वेळेत तयार होत नव्हते. एकॉर्नमध्ये ‘प्रोटॉन’ नावाच्या नव्या यंत्राचे आराखडे नुसते कागदावर होते. हाउझर यांनी विल्सन यांना फोन करून सांगितले की, आठवड्याभरात नमुना उभा राहील असे फर्बर म्हणतात. मग फर्बर यांना फोन करून सांगितले की, विल्सन तसे म्हणतात. सोमवारी काम सुरू झाले आणि शुक्रवारी सकाळी बीबीसीची माणसे यायची होती. शेवटच्या रात्रीपर्यंत नमुना चालेना. अखेर तपासणीसाठी जोडलेली दुसऱ्या संगणकाची तार काढून टाका असे हाउझर यांनीच सुचवले, आणि ती काढताच यंत्र सुरू झाले. बीबीसीची माणसे येण्याच्या काही तास आधीची ही गोष्ट आहे. बीबीसीने हेच यंत्र निवडले आणि प्रोटॉनचा बीबीसी मायक्रो झाला. ज्याने कधी नवे सर्किट बोर्ड पहिल्यांदा चालू करून पाहिले आहे त्याला यात काही नवल वाटणार नाही. तपासायला लावलेली तारच बऱ्याचदा दोष निर्माण करते.

आता त्या यंत्राची खरी करामत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. पडद्यावर चित्र टिकवायचे तर मेमरीतली माहिती सतत वाचत राहावी लागते, आणि प्रोसेसरलाही तीच मेमरी हवी असते. त्या काळातल्या स्वस्त यंत्रांमध्ये या दोघांत ओढाताण होई आणि बहुतेक वेळा प्रोसेसरला थांबावे लागे. बीबीसी मायक्रोमध्ये ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर चालत असे. प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात तो मेमरी वापरी आणि उरलेल्या अर्ध्या भागात चित्राचे सर्किट ती वापरी. दोघांनाही कधी थांबावे लागत नसे. यासाठी मेमरीला सेकंदाला चाळीस लाख वेळा उत्तर द्यावे लागे. इतक्या वेगवान चिप तेव्हा सहज मिळत नव्हत्या, त्या हिताचीने पुरवल्या. सारा डाव त्या चिपवर लावून यंत्र बेतले गेले. त्याची किंमतही मोजावी लागली : मेमरी जेमतेम ३२ किलोबाइट होती, आणि ६४० बाय २५६ ठिपक्यांचे चित्र ठेवले की त्यातली २० किलोबाइट पडद्यासाठीच खर्ची पडत. तरीही काम उरकण्याच्या वेगात हे यंत्र त्या किमतीच्या इतर यंत्रांना मागे टाकत असे.

१ डिसेंबर १९८१ रोजी ते बाजारात आले. मॉडेल ए २३५ आणि मॉडेल बी ३३५ पौंडांना जाहीर झाले होते, पण लवकरच किमती २९९ आणि ३९९ पौंडांवर गेल्या. सुरुवातीचा अंदाज सुमारे १२,००० यंत्रे खपतील असा होता, प्रत्यक्षात काही वर्षांत खप सुमारे पंधरा लाखांवर गेला. शाळांना संगणक घेण्यासाठी ब्रिटिश सरकार निम्मी रक्कम देत असे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक शाळेत हे घुबड पोहोचले. विल्सन यांनी लिहिलेली बेसिक भाषा हे त्याचे दुसरे बळ. त्या बेसिकमध्ये नाव दिलेल्या कार्यपद्धती लिहिता येत आणि त्याच प्रोग्रॅममध्ये थेट असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या आज्ञांची भाषाही मिसळता येई. मुलाने आज बेसिक शिकावे आणि उद्या न कळत यंत्राच्या पोटात शिरावे, अशी ती रचना होती.

भारताशी याचा संबंध खरा आणि ठळक आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी बीबीसी मायक्रोच निवडला गेला. पुढे चंदीगडजवळच्या मोहालीतील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन तो इथेच बनवला. आपल्या शाळेतले यंत्र बहुधा या वाटेने आलेले असावे. मी नववीत असताना आमच्या शाळेत अशी दोन यंत्रे आली. खोलीच्या बाहेर चपला काढाव्या लागत आणि सर दाराशी उभे राहून पाय पुसले का ते पाहत. यंत्राच्या खालच्या बाजूला ‘यूजर पोर्ट’ नावाची वीस पिनांची जोडणी असते. गणिताच्या सरांनी तिला रिबन केबलने आठ एलईडी जोडले होते. या बेसिकमध्ये नुसते प्रश्नचिन्ह लिहून मेमरीच्या हव्या त्या पत्त्यावर थेट आकडा ठेवता येतो. मी एका पत्त्यावर २५५ हा आकडा ठेवला, म्हणजे आठही पिना बाहेर संदेश पाठवणाऱ्या झाल्या. दुसऱ्या पत्त्यावर १ ठेवला आणि कडेचा एक लाल दिवा लागला. २ ठेवल्यावर शेजारचा लागला, ३ ठेवल्यावर दोन्ही लागले. फक्त ० आणि १ वर चालणारी द्विमान पद्धत मला त्या क्षणी कळली. त्यानंतर ती कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. आजही नवा बोर्ड हाती आला की मी पहिल्यांदा एक दिवाच लावून पाहतो.

आता अस्ताकडे येतो. शाळांत एकॉर्नचे राज्य होते, पण घरांत नव्हते. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये १२५ पौंडांपासून मिळू लागला होता, आणि ३९९ पौंडांचे यंत्र मुलासाठी घेणे सामान्य कुटुंबाला परवडत नव्हते. म्हणून एकॉर्नने ऑगस्ट १९८३ मध्ये १९९ पौंडांचा ‘इलेक्ट्रॉन’ जाहीर केला. बीबीसी मायक्रोच्या बोर्डावर शंभराच्या आसपास चिप होत्या, इलेक्ट्रॉनमध्ये त्यांतल्या बहुतेकांचे काम एकाच मोठ्या चिपमध्ये कोंबले होते. ती फेरांटी कंपनीची, ग्राहकाच्या गरजेप्रमाणे जुळवून घेण्याची चिप होती आणि त्या प्रकारात तेव्हाच्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होती. खर्च आणखी कमी करायला मेमरीच्या चारच चिप घेतल्या. त्यामुळे एक बाइट वाचायला दोनदा हात घालावा लागे, प्रोसेसरचा वेग निम्म्यावर येई आणि मोठ्या चित्राच्या वेळी त्याला थांबूनच राहावे लागे. ज्या गोष्टीवर एकॉर्नची ख्याती उभी होती, नेमकी तीच स्वस्ताईसाठी सोडून दिली गेली. तरीही घरच्या वापराला ते यंत्र चांगले होते आणि मागणी प्रचंड होती.

माल मात्र आला नाही. त्या मोठ्या चिपच्या तयार नगांपैकी चालणारे नग फार कमी निघत. १९८३ च्या नाताळासाठी सुमारे तीन लाख यंत्रांची मागणी नोंदली गेली होती आणि दुकानांत पोहोचली ती सुमारे तीस हजार. घरगुती संगणकाच्या धंद्यात नाताळ म्हणजे आपल्याकडे फटाक्यांच्या व्यापाऱ्याला दिवाळी, तो हंगाम हुकला की पुढे वर्षभर हात चोळत बसावे लागते. आई-वडिलांनी रिकाम्या हाती परत न जाता शेजारच्या फळीवरचा स्पेक्ट्रम उचलला. मुलाने एका यंत्रासाठी कॅसेटवरचे खेळ जमवायला सुरुवात केली की तो दुसऱ्या यंत्राकडे वळत नाही, कारण एकाचे खेळ दुसऱ्यावर चालत नाहीत. ही गिऱ्हाइके एका वर्षासाठी गेली नव्हती, ती कायमचीच गेली होती.

यानंतर जे झाले त्याला मी कंपनीची सर्वांत मोठी चूक मानतो, आणि ती चूक कुणाकडूनही होऊ शकते अशी आहे. तुटवडा सोसलेली कंपनी पुढच्या वर्षी भरभरून माल मागवते. १९८३ च्या शरद ऋतूत एकॉर्नचे शेअर बाजारात आले होते, कंपनीचे मोल सुमारे साडेतेरा कोटी पौंड धरले गेले होते आणि वाढ दाखवणे भाग होते. मलेशिया, हाँगकाँग आणि वेल्समधल्या कारखान्यांना इलेक्ट्रॉनचे मोठे करार दिले गेले. पण चिप आणि प्लास्टिकच्या पेट्या महिनोन्महिने आधी सांगाव्या लागतात, आणि तोवर बाजार पालटतो. १९८४ च्या नाताळात ब्रिटनमधला घरगुती संगणकांचा बाजार थंडावला. अनेक घरांत यंत्र आधीच आले होते आणि किमती खाली घसरत होत्या. एकॉर्नच्या गळ्यात अडीच लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन पडून राहिले, त्यांचे पैसे देऊन झाले होते आणि गोदामाचे भाडे वेगळे भरावे लागत होते. १९८५ च्या सुरुवातीला किंमत १२९ पौंडांवर आणली, तरी ओघ फिरला नाही. अमेरिकेत पाय रोवण्याचा प्रयत्नही याच सुमारास फसला. तिथल्या रेडिओ-लहरींच्या नियमांसाठी यंत्राला धातूचे आवरण चढवावे लागले, दूरदर्शनच्या वेगळ्या पद्धतीमुळे चित्रही बदलावे लागले आणि त्यात बराच पैसा गेला.

फेब्रुवारी १९८५ मध्ये शेअरची खरेदी-विक्री थांबवावी लागली, आणि त्याच महिन्यात इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीने सुमारे १ कोटी २० लाख पौंडांना ४९.३ टक्के हिस्सा घेतला. वर्ष संपायच्या आत तो ७९ टक्क्यांच्या घरात गेला. दीड वर्षापूर्वी साडेतेरा कोटींची मानलेली कंपनी अशी हातची गेली. प्रतिस्पर्धी सिंक्लेअर यांचीही गत वेगळी झाली नाही. एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी आपले संगणक आणि त्यांचे नाव ॲमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीला ५० लाख पौंडांना विकले. एकाच बाजाराने दोघांना वर चढवले होते आणि त्यानेच दोघांना खाली आणले.

या सगळ्या पडझडीत, ऑक्टोबर १९८३ पासून, विल्सन आणि फर्बर एक नवा प्रोसेसर आखत होते. ६५०२ च्या पुढचे यंत्र कशावर बांधावे म्हणून त्यांनी बाजारातले १६ आणि ३२ बिटांचे प्रोसेसर तपासले होते. त्यांना असे दिसले की, यंत्राचा वेग शेवटी मेमरीची बँडविड्थ, म्हणजे दर सेकंदाला माहिती देण्याची तिची क्षमता, किती वापरता येते यावर ठरतो, आणि हे नवे प्रोसेसर मेमरीला जेवढे जमते तेवढेही वापरत नाहीत. शिवाय बाहेरच्या उपकरणाने हाक मारली तर ओ देण्यात ते फार वेळ घेतात. ही तक्रार त्यांनाच सुचावी हे स्वाभाविक होते, कारण बीबीसी मायक्रो त्याच हिशोबावर बांधलेला होता. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील संशोधकांचे थोड्या आणि साध्या आज्ञांच्या प्रोसेसरवरचे लेख त्यांनी वाचले. ६५०२ ची पुढची आवृत्ती बनवणारी कंपनी पाहायला ते अमेरिकेत ॲरिझोनातील फिनिक्सजवळच्या मेसाला गेले, तेव्हा भव्य इमारतीऐवजी त्यांना एका साध्या घरात काम करणारी मूठभर माणसे भेटली. एवढ्या लोकांना प्रोसेसर बनवता येतो, तर आपल्यालाही येईल, ही खात्री घेऊन ते परतले.

२६ एप्रिल १९८५ रोजी व्हीएलएसआय या अमेरिकन चिप-कंपनीने घडवलेली पहिली एआरएम चिप केंब्रिजला आली आणि पहिल्याच प्रयत्नात चालली. तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ३८६ प्रोसेसरमध्ये २,७५,००० होते. चिप स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात बसावी म्हणून ती एक वॅटच्या आत चालावी असे ठरले होते. वीज मोजायला फर्बर यांनी ॲमीटर लावला, तर काटा शून्यावर. तपासल्यावर कळले की, चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर पिनांवरून येणाऱ्या संदेशांतली थोडीशी वीज आत झिरपत होती आणि तेवढ्यावर ती चालत होती. बॅटरीवरच्या उपकरणांचा तेव्हा कुणी विचार केला नव्हता, साधेपणाने बेतलेल्या चिपमधून ती काटकसर आपोआप आली. त्या काळचे लोक सांगतात की, हिस्सा विकत घेताना ऑलिव्हेट्टीला या कामाची कल्पनाच दिलेली नव्हती.

१९८७ मध्ये या चिपच्या पुढच्या आवृत्तीवरचा ‘आर्किमिडीज’ संगणक आला आणि वेगात त्याने पुष्कळ महागड्या यंत्रांना मागे टाकले. पण त्याच्यासाठी आखलेली कार्यप्रणाली रखडली, घाईघाईने दुसरी द्यावी लागली, आणि चांगली रिस्क ओएस येईपर्यंत १९८९ उजाडले. तोवर कार्यालयांत आयबीएमच्या जातीचे पीसी पसरले होते. मुलांना पुढे जे वापरायचे आहे तेच शाळेत शिकवा, असे पालक म्हणू लागले आणि शाळांमधली हुकमी बाजारपेठ वर्षागणिक आटत गेली. नव्वदच्या दशकातले रिस्क पीसी आणि केबल दूरदर्शनला जोडायचे खोके यांनी कंपनी तगली, पण सावरली नाही.

नोव्हेंबर १९९० मध्ये एआरएम वेगळी कंपनी झाली. ॲपलला आपल्या खिशातल्या संगणकासाठी ही चिप हवी होती, पण स्पर्धक कंपनीवर अवलंबून राहायचे नव्हते. म्हणून ॲपल, एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांनी मिळून ती स्थापन केली. एकॉर्नने बारा अभियंते दिले आणि केंब्रिजजवळच्या एका खेड्यातल्या जुन्या कोठारात काम सुरू झाले. रॉबिन सॅक्सबी यांच्या नेतृत्वाखाली एआरएमने चिप स्वतः न बनवता आराखडे परवान्याने देण्याचा मार्ग धरला. माझ्या मते एकॉर्नला बुडवणारे दुखणे त्यामुळे मुळातच टळले, कारण आराखड्याचा साठा गोदामात पडून राहत नाही आणि नाताळला तुटवडाही पडत नाही. एआरएम ७ च्या १९९४ मधल्या आवृत्तीत आज्ञा १६ बिटांत दाबून बसवायची सोय आली, म्हणजे कमी आणि अरुंद मेमरीत जास्त काम होऊ लागले. हिशोब तोच जुना होता. या जातीची चिप नोकिया ६११० या मोबाइलमध्ये बसली आणि आपल्याकडेही अनेकांच्या हाती पोहोचली.

एप्रिल १९९८ मध्ये एआरएमचे शेअर बाजारात आले आणि चमत्कारिक परिस्थिती उभी राहिली : एकॉर्नजवळ असलेल्या एआरएमच्या शेअरची किंमत खुद्द एकॉर्नच्या बाजारमूल्याहून जास्त झाली. सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनीने नवा संगणक अर्धवट सोडून संगणकांचा विभागच बंद केला. १९९९ च्या सुरुवातीला तिचे नाव ‘एलिमेंट १४’ झाले आणि त्याच वर्षी, मुख्यतः एआरएमचे शेअर भागधारकांपर्यंत पोहोचवण्यासाठी, ती विकली गेली. ज्या शाळांनी वर्षानुवर्षे तिच्यावर भरवसा ठेवला होता, त्यांच्या वाट्याला सुटे भाग आणि दुरुस्तीची चिंता तेवढी उरली. हे मला आजही लागते.

आता आपल्या यंत्राबद्दल. ते तडक विजेला जोडू नये. वीजपुरवठ्याच्या पेटीतले, मेन्सच्या बाजूचे फिल्टर कपॅसिटर चाळीस वर्षांत तडकतात आणि वीज मिळताच धूर काढतात. ते आधी बदलून घ्यावेत, आणि हे काम एसएमपीएसची, म्हणजे या प्रकारच्या वीजपुरवठ्याची, दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडूनच करवून घ्यावे, कारण आत साठलेली वीज जिवावर बेतू शकते. मग पाठीमागच्या व्हिडिओ जोडणीवरून पडद्याला जोडावे. चित्र कृष्णधवल आले तर मूळ रचना तशीच आहे, दोष नाही. दोन स्वरांचा आवाज आला आणि पडद्यावर बीबीसी कॉम्प्युटर ३२ के ही ओळ उमटली की यंत्र शाबूत आहे असे समजावे. बंद करण्यापूर्वी ते उचलून खालची कड पाहा. तिथे ‘ट्यूब’ असे लिहिलेली चाळीस पिनांची जोडणी असेल, ती दुसरा प्रोसेसर लावण्यासाठी ठेवलेली आहे. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत एआरएमची पहिली चिप सुरू झाली ती अशाच एका बीबीसी मायक्रोच्या या जोडणीला लावलेल्या बोर्डावर.